अमेरिकेचे जनमत सत्तेपर्यंत कसे पोहोचते? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अमेरिकेतील निवडणूकपद्धतीवर गेल्या अंकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्या देशात लोकांचे मत आणि सरकारचे धोरण यांत पुष्कळदा अंतर पडते, असे त्यात म्हटले होते. त्यावर सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या कारखान्यातले टेरी टॉवेल अनेक वर्षे अमेरिकेला जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले आणि हातातल्या ऑर्डरी अडकल्या. माल तिथल्या ग्राहकालाही महागच पडणार. मग तिथले लोक आपल्या सरकारला जाब का विचारत नाहीत? (एक टॉवेल निर्यातदार, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी)

उत्तर : ग्राहकांची संख्या मोठी असते, म्हणून सरकार त्यांचे ऐकेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु एखादी गोष्ट किती लोकांना खटकते याच्याइतकेच, ती त्यांना किती खटकते आणि ते कोणत्या राज्यात राहतात, यालाही राजकारणात महत्त्व असते. टॉवेल घरात काही वर्षांतून एकदा घेतला जातो. तो थोडा महागला म्हणून अमेरिकेतला मतदार मत फिरवत नाही, आणि महागण्याचे कारण आयातशुल्क आहे की दुकानदाराचा नफा, हेही त्याला पावतीवरून कळत नाही. याउलट पेनसिल्व्हेनिया किंवा मिशिगनमधील ज्या गावातला पोलादाचा वा मोटारींचा कारखाना बंद पडला, तेथे परदेशी माल हा घराघरातला विषय असतो. गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर कामगारवस्तीचे काय होते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. ही राज्ये अध्यक्षीय निवडणुकीत काठावरची, म्हणजे कोणत्याही पक्षाकडे झुकू शकणारी असल्याने दोन्ही पक्ष तेथील नाराजीला जपतात. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन या दोघांनीही प्रशांत महासागराभोवतालच्या देशांबरोबरच्या व्यापार कराराला विरोध केला होता. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत चिनी मालावर लावलेली बहुतेक शुल्के जो बायडेन यांनी कायम ठेवली आणि २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवरचे शुल्क १०० टक्क्यांवर नेले. पक्ष बदलला की शुल्क आपोआप उतरेल, अशा भरवशावर आपण राहू नये, असे आम्हाला वाटते.

दुसरी बाजू कायद्याची आहे. आयातशुल्क ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला दिलेला आहे. १९३० मध्ये प्रत्येक सदस्याने आपापल्या भागातील मालाला संरक्षण मागितले, शेकडो वस्तूंवरची शुल्के एकाच कायद्याने वाढली, इतर देशांनी प्रत्युत्तर दिले आणि जागतिक व्यापार आणखी आटला. त्या अनुभवानंतर १९३४ पासून काँग्रेसने हा अधिकार टप्प्याटप्प्याने अध्यक्षांकडे सोपवत नेला. भारतावरील शुल्कासाठी आधार घेतला गेला तो १९७७ च्या आर्थिक आणीबाणीविषयक कायद्याचा, आणि त्या वापराला न्यायालयात आव्हानही दिले गेले. निर्णय एका व्यक्तीच्या हाती एकवटला की मतदारसंघातला सदस्य हात वर करण्यास मोकळा होतो.

जनमताचा उपयोगच होत नाही, असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया या राज्यांत गव्हर्नरपदाच्या निवडणुका झाल्या, महागाईचा मुद्दा तेथे गाजला आणि दोन्हीकडे डेमोक्रॅटिक पक्ष जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉफी, केळी, टोमॅटो, गोमांस अशा अनेक खाद्यवस्तू शुल्कवाढीतून वगळण्यात आल्या. कॉफी रोज सकाळी लागते आणि तिचा भाव प्रत्येकाला पाठ असतो. टॉवेलच्या बाजूने असा रोजचा दबाव नाही. तो निर्माण करायचा तर आपला माल घेणारे तिथले आयातदार आणि मोठ्या दुकानसाखळ्या यांनाच काँग्रेसच्या सदस्यांकडे जावे लागेल.

प्रश्न : ज्याला देशात जास्त मते मिळाली तो उमेदवार अध्यक्षपदाची निवडणूक हरतो, हे लोकशाहीत कसे चालते? (एक निवृत्त शिक्षक, सात रस्ता)

उत्तर : अमेरिकेत अध्यक्षपदासाठी एक देशव्यापी निवडणूक होत नाही. पन्नास राज्यांच्या आणि राजधानीच्या मिळून एकावन्न स्वतंत्र निवडणुका एकाच दिवशी होतात. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी मिळतात. त्यांची एकूण संख्या ५३८ असून विजयासाठी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर सर्वत्र नियम असा आहे की राज्यात ज्याला अधिक मते मिळतील त्याच्याकडे त्या राज्याचे सर्व निर्वाचक जातात. अशी कल्पना करा की लोकसभेला महाराष्ट्रातील सगळ्या मतदारसंघांची मते एकत्र मोजली आणि ज्या आघाडीला राज्यात एका मताने का होईना अधिक मते पडली, तिला ४८ च्या ४८ जागा देऊन टाकल्या. मग सोलापुरात कोण पुढे होते आणि माढ्यात कोण, याला काही अर्थच उरणार नाही.

याचा परिणाम किती टोकाला जातो, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्निया हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आणि टेक्सास रिपब्लिकन पक्षाचा. तरीही २०२० मध्ये ट्रम्प यांना टेक्सासपेक्षा कॅलिफोर्नियात अधिक मते मिळाली होती. दोन्ही आकडे साठ लाखांच्या आसपासचे आहेत. टेक्सासमधील मतांनी त्यांना ३८ निर्वाचक दिले, कॅलिफोर्नियातील मतांनी एकही नाही. २००० मध्ये अल गोर यांना देशात पाच लाखांहून अधिक मतांची आघाडी होती, परंतु फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि फेरमोजणीचा वाद सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्यावर तेच अध्यक्ष झाले. २०१६ मध्ये क्लिंटन यांची देशातील आघाडी २८ लाखांच्या पुढे होती. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून ८० हजारांहूनही कमी मतांनी निकाल उलटला. प्रत्येक वेळी असेच घडते असा समज होऊ नये. २०२४ मध्ये ट्रम्प यांना निर्वाचकही अधिक मिळाले आणि लोकांची मतेही.

यातून आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो तो प्रचारावरचा परिणाम. उमेदवारांच्या सभा, जाहिराती आणि आश्वासने सात-आठ काठावरच्या राज्यांकडे वळतात. न्यूयॉर्कमधील रिपब्लिकन मतदार आणि टेक्सासमधील डेमोक्रॅटिक मतदार, दोघांकडेही कोणी फारसे फिरकत नाही. ही पद्धत बदलण्याचा गंभीर प्रयत्न झाला होता. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली, पण पुढच्या वर्षी सिनेट या वरिष्ठ सभागृहात चर्चा लांबवून ती अडवण्यात आली. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि वर ३८ राज्यांची मान्यता लागते. ज्या राज्यांना सध्याच्या पद्धतीचा लाभ होतो, ती राज्ये ही मान्यता सहजासहजी देणार नाहीत.

प्रश्न : हजार लोकांना विचारून कोट्यवधींचे मत कसे कळते? आणि इतके शास्त्र असूनही अंदाज चुकतात का? (राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, विजापूर रस्ता)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग इतिहासानेच सोडवला आहे. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यावरून साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तेव्हाच्या ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारधारकांच्या याद्यांतून घेतले होते आणि महामंदीच्या काळात फोन व मोटार असणारा वर्ग रूझवेल्ट यांच्यावर नाराज होता. शिवाय मतपत्रिका भरून पाठवण्याची तसदी घेणारे लोकही वेगळ्या मनोवृत्तीचे होते. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फार लहान नमुना घेऊन रूझवेल्ट यांचा विजय अचूक सांगितला. तेव्हापासून एवढे स्पष्ट झाले की किती लोकांना विचारले यापेक्षा कोणाला विचारले हे महत्त्वाचे. यदृच्छेने निवडलेल्या हजार व्यक्तींच्या नमुन्यात चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे असते, मग लोकसंख्या सोलापूर शहराची असो वा अख्ख्या अमेरिकेची.

आता दुसरा भाग. गॅलप यांचाही अंदाज १९४८ मध्ये चुकला. थॉमस ड्युई जिंकणार असे सर्वांनी सांगितले होते आणि हॅरी ट्रूमन निवडून आले. काही संस्थांनी मतदानाच्या कित्येक आठवडे आधीच चाचण्या थांबवल्या होत्या, आणि शेवटच्या दिवसांत मते फिरली ती त्यांच्या हिशेबात आलीच नाहीत. २०१६ मध्ये देशपातळीवरचे आकडे फारसे चुकले नव्हते. चुकले ते काठावरच्या राज्यांतील. उच्चशिक्षित माणसे चाचणीला उत्तर देण्यास अधिक तयार असतात. अनेक राज्यांतील चाचण्यांनी शिक्षणानुसार आकड्यांचे भारांकन केले नव्हते, म्हणजे प्रत्येक शिक्षणगटाला त्याच्या खऱ्या प्रमाणात वजन दिले नव्हते, त्यामुळे पदवी नसलेल्या मतदारांचा कौल कमी मोजला गेला. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेच्या वेळी बहुतेक एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या आणि निकालात २९३ आल्या, हे आपल्या लक्षात असेलच.

अभ्यास म्हणून आपण एक सवय लावून घ्यावी. 'अमुक उमेदवार दोन टक्क्यांनी पुढे' असे वाचले की नमुना किती मोठा, कोणत्या तारखांचा, आणि विचारलेले लोक केवळ नोंदणी झालेले होते की प्रत्यक्ष मत देण्याची शक्यता असलेले, हे शोधावे. तीन टक्क्यांची चूक ही एकेका उमेदवाराच्या आकड्यातली असते. दोघांमधील अंतरात ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे दोन टक्क्यांच्या आघाडीला बरोबरीच समजावे.

प्रश्न : आमच्याकडे एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यावर सगळे ठरते. अमेरिकेत तिकीट कोण देते? (एक पक्षकार्यकर्ता, नवी पेठ)

उत्तर : अमेरिकेत एबी फॉर्मच नाही, आणि तिकीट नाकारण्याचा अधिकार असलेले पक्षश्रेष्ठीही नाहीत. मुख्य निवडणुकीच्या काही महिने आधी प्रायमरी म्हणजे पक्षांतर्गत मतदान होते आणि पक्षाचा उमेदवार त्यात सामान्य मतदार ठरवतात. अनेक राज्यांत मतदार नावनोंदणी करतानाच आपला पक्ष नोंदवतात, तर काही राज्यांत कोणीही कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. अध्यक्षपदासाठी ही पद्धत निर्णायक झाली ती १९७२ पासून. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली होती, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर तरुण निदर्शक आणि पोलीस यांची धुमश्चक्री उडाली होती, आणि त्यानंतर पक्षाला नियम बदलावे लागले.

कागदावर ही पद्धत आपल्यापेक्षा अधिक लोकशाहीवादी दिसते, आणि काही अंशी ती तशी आहेही. पण प्रायमरीला मतदार फार थोडे येतात आणि येतात ते प्रामुख्याने कट्टर समर्थक. २०१४ मध्ये प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन पक्षाचे बहुमत नेते एरिक कँटर व्हर्जिनियातील आपल्या मतदारसंघात प्रायमरीतच हरले. त्या प्रायमरीत सुमारे ६५ हजार लोकांनी मत दिले होते. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्याच मतदारसंघात दोन लाखांहून अधिक मते पडली. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधिगृहातील दहा रिपब्लिकन सदस्यांनी मत दिले. त्यांपैकी चार जणांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही, चार जण प्रायमरीत हरले आणि दोघेच सभागृहात परतले. अमेरिकेत आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही, पक्षादेश मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. परंतु प्रायमरीची भीती सदस्यांना त्याहून अधिक घट्ट बांधून ठेवते.

त्यात मतदारसंघांच्या रचनेची भर पडते. बहुतेक राज्यांत प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांच्या सीमा राज्याचे विधिमंडळच आखते आणि सत्ताधारी पक्ष त्या आपल्या सोयीने वळवतो. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या अशा आखणीपासून हा प्रकार बदनाम आहे. पक्षहितासाठी केलेल्या अशा आखणीत केंद्रीय न्यायालये हस्तक्षेप करणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. जिथे एका पक्षाचा विजय आधीच ठरलेला आहे, तिथे खरी निवडणूक ही प्रायमरीच होते.

प्रश्न : मी अनेकदा निवडणुकीची ड्युटी केली आहे. अमेरिकेत निवडणूक आयोग आहे का? (एक बँक कर्मचारी, होटगी रस्ता)

उत्तर : आपल्या अर्थाने नाही. तेथील केंद्रीय आयोग केवळ निवडणूकखर्चाचे कायदे पाहतो. मतदारयाद्या, मतपत्रिका आणि मोजणी हे सर्व राज्ये आणि त्यांच्याखालील काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखे विभाग पाहतात. अनेक राज्यांत ज्या पदाधिकाऱ्याकडे निवडणुकीची सूत्रे असतात तो पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. २००० मध्ये फ्लोरिडाच्या निकालावर सही करणाऱ्या पदाधिकारी बुश यांच्या तेथील प्रचारसमितीच्या सहअध्यक्षही होत्या. मतदानाच्या रात्री निकाल जाहीर करणारी सरकारी यंत्रणा नसल्याने विजयी कोण, हे वृत्तसंस्था आणि वाहिन्याच आकडेमोड करून सांगतात. त्या रात्री वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी गोर यांना दिले, मग मागे घेतले, मग बुश यांना दिले आणि तेही मागे घेतले. आपल्या आयोगावर टीका करण्यासारखे पुष्कळ असेल, परंतु देशभर एकच नियम आणि एकच मोजणी यांची किंमत अशा वेळी कळते.

प्रश्न : वाहिन्या लोकांचे मत घडवतात, की लोक आपल्या मताप्रमाणे वाहिनी निवडतात? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : दोन्ही घडते, आणि अमेरिकेत ते कोणत्या क्रमाने घडत गेले हे पाहिले तर उत्तर अधिक स्पष्ट होते. १९८० पर्यंत तेथे तीनच मोठ्या वाहिन्या होत्या आणि संध्याकाळी त्या तिन्हींवर बातम्याच लागत. ज्याला राजकारणात रस नव्हता त्याच्याही कानावर दोन्ही बाजू पडत. १९८० मध्ये सीएनएन आणि १९९६ मध्ये फॉक्स न्यूज व एमएसएनबीसी सुरू झाल्यावर रस नसलेले लोक करमणुकीकडे वळले आणि बातम्यांसमोर उरले ते मुख्यतः ठाम मतांचे प्रेक्षक. वादग्रस्त विषयांत दोन्ही बाजू दाखवण्याचे बंधन १९४९ पासून होते आणि ते १९८७ मध्ये काढले गेले, हे कारण पुष्कळ जण सांगतात; परंतु ते बंधन रेडिओ आणि हवाई लहरींवरच्या दूरचित्रवाणीला होते, केबलवरील वाहिन्यांना ते कधीच लागू नव्हते. प्रेक्षक धरून ठेवण्याचा मोह किती महागात पडतो, हे २०२३ मध्ये दिसले. २०२० च्या निवडणुकीत मतदानयंत्रांनी घोटाळा केल्याचे खोटे दावे प्रसारित झाल्याबद्दल यंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने फॉक्सवर दावा लावला होता, आणि तडजोडीत फॉक्सला ७८ कोटी ७५ लाख डॉलर द्यावे लागले.

आम्हाला मात्र वाहिन्यांच्या आरडाओरड्यापेक्षा स्थानिक वृत्तपत्रांची पडझड अधिक घातक वाटते. २००५ पासून अमेरिकेतील एक-तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आहेत. शहराला पाणी किती दिवसांआड मिळणार, हे सांगणारे दैनिक गावात उरले नाही, तर मतदार नगरसेवकालाही दिल्लीतल्या भांडणावरूनच मत देऊ लागेल. तेथे नेमके तसेच होत आहे. २०१६ मध्ये सिनेटच्या ज्या ज्या जागेसाठी निवडणूक झाली, ती प्रत्येक जागा त्या राज्यात अध्यक्षपदासाठी जिंकलेल्या पक्षालाच मिळाली. सिनेटची थेट निवडणूक १९१३ च्या घटनादुरुस्तीने सुरू झाली, तेव्हापासून असे कधी झाले नव्हते. आपल्या सदस्याने गावासाठी काय केले, हे मतदाराला कळण्याचा मार्गच आटत चालला आहे.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत आहे. शाळेत बंदूकधारी शिरला तर कुठे लपायचे, याची कवायत नातीच्या वर्गात होते, हे ऐकून जीव थरथरतो. एवढ्या आयांना भीती वाटते तर कायदा का होत नाही? (एक आजी, अशोक चौक)

उत्तर : आजी, आपण विचारलेला प्रश्न अमेरिकेतले पालकही वर्षानुवर्षे विचारत आहेत. बंदूक विकण्यापूर्वी प्रत्येक खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासावी, याला तेथील बहुसंख्य लोकांचा, अगदी बंदूक बाळगणाऱ्यांपैकीही पुष्कळांचा पाठिंबा असल्याचे चाचण्या सातत्याने दाखवतात. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील न्यूटाऊन येथे प्राथमिक शाळेतील २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये अशा तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव सिनेटपुढे आला, त्याला ५४ मते मिळाली आणि तरीही तो पडला. कारण सिनेटमध्ये चर्चा थांबवून प्रस्ताव पुढे न्यायचा तर शंभरपैकी ६० मते लागतात. त्यात सहा लाखही लोकवस्ती नसलेल्या वायोमिंगला सिनेटच्या दोन जागा आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. शिवाय तपासणीला अनुकूल असलेला सामान्य मतदार केवळ त्या एका विषयावर मत देत नाही, तर तिचा कडवा विरोधक बहुधा त्याच एका विषयावर देतो आणि प्रायमरीला न चुकता हजर असतो.

मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डीच्या शाळेत पुन्हा तसेच घडले. त्यानंतर जूनमध्ये दोन्ही पक्षांच्या सहमतीने एक कायदा झाला, सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ मतांनी. एकवीस वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून तपासणी त्यात आली. प्रत्येक विक्रीपूर्वी तपासणीची अट मात्र आली नाही. न्यू जर्सीचे स्वतःचे नियम बरेच कडक आहेत आणि तेथे हँडगन घेण्यासाठी आधी परवाना काढावा लागतो, परंतु शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या बंदुकांना राज्याची सीमा अडवू शकत नाही. आपला मुलगा तेथील नागरिक झाला असेल, तर नोव्हेंबरच्या मतदानाबरोबरच जूनमधील प्रायमरीलाही त्याने जावे, असे त्याला आवर्जून कळवा. न्यू जर्सीच्या विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षी होतात, तेव्हा गर्दी कमी असते आणि एकेका मताचे वजन अधिक असते.